रॉबर फ्लायची जात फोटोवरून ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटांवर किंवा खारघरच्या टेकडीवर मॅक्रो फोटो काढणाऱ्यांना रॉबर फ्लाय ही शिकारी माशी हमखास भेटते. काडीच्या शेंड्यावर दबा धरून बसते, समोरून किडा गेला की झेप घेते आणि पुन्हा तिथेच येऊन त्याला शोषत बसते. फोटो छान येतो. मग त्यावर जातीचं नाव लावायची घाई होते, आणि बहुतेक नावं तिथेच चुकतात.

चुकीची सुरुवात कॅमेरा हातात असतानाच झालेली असते. आपण वरून, पाठीचा एकच फोटो काढतो. ओळख पटवणाऱ्या खुणा मात्र इतरत्र असतात. चेहऱ्यावर राठ केसांची मिशी किती दाट आहे, तिचा रंग कोणता, ती तोंडाशीच आहे की वरपर्यंत चढलीय, हे समोरूनच दिसतं. शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाच्या, म्हणजे अँटेनाच्या) टोकाची बारीक काडी नुसती आहे की तिच्यावर कंगव्यासारखे केस आहेत, हेही बघावं. असे केस ही ओमॅटियस या जीनसची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, मोठी खूण. पंखांच्या शिरा तर फारच बोलक्या. पुढच्या कडेजवळचा, शिरांमधला एक कप्पा काठापर्यंत उघडा राहतो की आधीच बंद होतो, यावरून उपकुळाची दिशा मिळते. प्रोमॅकस या जीनसमध्ये पंखाच्या टोकाकडे जे तीन कप्पे दिसतात, त्या जागी बऱ्याच इतर रॉबर फ्लायमध्ये दोनच असतात. म्हणून एक फोटो समोरून, एक बाजूने आणि एक पंखांच्या शिरा स्पष्ट दिसतील असा घ्याच. शिकार तोंडात असली की माशी सहसा पटकन जागा सोडत नाही. अशा वेळी हळूहळू जवळ जायला वाव मिळतो.

पोटाचं टोक सोडून देणं ही त्याच्याच जोडीची चूक. कित्येक जाती नराच्या जननांगांच्या रचनेवरूनच वेगळ्या करता येतात, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. मादीचा एकटा फोटो असेल तर अनेकदा जीनसच्या पुढे जाताच येत नाही. शेपटीला शेपूट लावून बसलेली जोडी दिसली तर ‘एकीने दुसरीला पकडलंय’ असं समजून पुढे जाऊ नका. नर आणि मादी एकाच जातीचे असल्याची इतकी भक्कम खात्री दुसऱ्या कुठल्या फोटोत मिळत नाही.

रंगावर विसंबू नका. संध्याकाळच्या उन्हात फिकट पाय नारिंगी दिसतात, फ्लॅशमध्ये सोनेरी लव पांढरी होते, आणि वय झालेल्या माशीचे केस झडलेले असतात. आकाराचा अंदाज नुसत्या फोटोवरून येत नाही, त्यामुळे लांबी जागेवरच टिपून ठेवा.

मुळात ती रॉबर फ्लायच आहे ना, हेही तपासा. समोरून पाहिलं तर दोन डोळ्यांच्या मध्ये डोक्यावर ठळक खाच दिसते. स्टिलेटो फ्लाय दिसायला बरीच सारखी, पण तिला अशी खोल खाच नसते. भारतात सापडणाऱ्या हायपरेकिया या रॉबर फ्लाय भुंग्यासारख्या दिसतात, म्हणून पंख मोजा: भुंग्याला चार, माशीला दोन.

फोटोवरून जात सुचवणाऱ्या अ‍ॅपने दिलेलं पहिलं नाव सरळ लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. ज्या जातींचे भरपूर फोटो ओळखून ठेवलेले असतात त्यांच्याकडेच अ‍ॅपचा कल जातो. जगात रॉबर फ्लायच्या कुळाच्या साडेसात हजारांच्या आसपास जाती आहेत. सुचवलेली जात भारतात नोंदली गेली आहे का, एवढं तरी आधी पाहावं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय कीटक पकडता येत नाही, आणि तेच योग्य आहे. त्यामुळे येऊरमधल्या बहुतेक नोंदी फोटोवरच उभ्या राहतात. ‘ओमॅटियस, जात अनिश्चित’ ही नोंद पूर्ण नोंद आहे. तिच्यासोबत तारीख, ठिकाण, वेळ आणि माशी वाळक्या काडीवर, दगडावर की खाडीकाठच्या वाळूवर बसली होती, हेही लिहा. क्रॉप न केलेला मूळ फोटो पुसून टाकू नका. पुढे कुणाला त्याच फोटोत पंखांची शीर पाहायची असेल.