पावसाच्या पाण्याच्या खड्ड्याचं स्मारक उद्यान करायचंय? आधी हे वाचा

गावात पावसाचं पाणी साठवणारा मोठा खड्डा असतो ना, कचरा नि झुडपं माजलेला, तिथं हुतात्म्यांचं स्मारक करूया असं ग्रामसभेत कोणीतरी म्हणतंच. करा, पण खड्डा बुजवू नका! गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, १ हेक्टर काँक्रीटवर १०० मिमी पडला की १० लाख लिटर पाणी, ते मग लोकांच्या घरातच शिरणार.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक अख्खा पावसाळा नुसतं बघायचं, पाणी कुठवर चढतं, किती दिवसांनी ओसरतं, आणि काठावरच्या झाडांना चुन्याने खुणा करून ठेवायच्या. जागा कोणाच्या नावावर आहे ते एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) बघून घ्या, नंतर भांडणं नकोत.

गाळ एप्रिल-मे मध्येच काढायचा. उतार सौम्य ठेवा, त्यावर वाळा लावा, माती धरून ठेवतो. तळाशी फक्त गवत नि मैदान, बाकं-दिवे सगळं खुणेच्या वर. आत येणाऱ्या नि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाला जाळी हवीच, आणि ती साफ कोण करणार ते आधीच ठरवा (इथेच सगळे गप्प बसतात). पाणी आठवडाभर साचून राहिलं तर डासांची पैदास होते, तेव्हा निचरा नीट बघा.

नावं चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) कोरू नका हां, दोन पावसात शेवाळ धरतं, अक्षरं दिसत नाहीत. चौथरा चिऱ्याचा चालेल, पाटी ग्रॅनाईटची. उद्घाटन १८ जूनला गोवा क्रांतिदिनी ठेवायचा मोह होईल, पण तेव्हा पाऊस असतो, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन बरा.