विभागातलं संशोधक मंडळ कसं चालवावं : केगावच्या कॅम्पसवरचा अनुभव

एकाच विभागातले दोन संशोधक विद्यार्थी वर्षभर एकमेकांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण होतं तसंच. प्रत्येकाचा गाईड वेगळा, विषय वेगळा, वेळापत्रक वेगळं. एकीची थिन फिल्म, म्हणजे पदार्थाचा अगदी पातळ थर, काचेवर नीट बसत नाही म्हणून ती महिनाभर अडून बसते, आणि तीन दारं पलीकडच्या मुलानं नेमकी तीच अडचण मागच्या वर्षी सोडवलेली असते. माझ्या मते विभागात संशोधक मंडळ हवं ते यासाठी. स्नेहसंमेलन आणि निरोप समारंभ मंडळाशिवायही होतात.

सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या कॅम्पसवर पीएचडी करताना भौतिकशास्त्राच्या आमच्या विभागात हे काम माझ्याकडे होतं. आता ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिल्यांदा एक फरक ध्यानात घ्या. विद्यार्थी परिषद ही 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात सांगितलेली गोष्ट आहे. आपलं मंडळ तसं नाही. ते विभागप्रमुखांच्या संमतीवर आणि मुलांच्या इच्छेवर चालतं. म्हणून सुरुवातीलाच विभागप्रमुखांना एका पानाचं पत्र द्या: मंडळ काय करणार, सेमिनार हॉल कधी लागणार, कुठल्या शिक्षकांनी मार्गदर्शक म्हणून राहावं. पत्रावर सही झाली की शिपाईमामांकडे हॉलची किल्ली मागताना दर वेळी नव्याने विनवण्या कराव्या लागत नाहीत.

मंडळाचा कणा म्हणजे आठवड्याची बैठक. तिची वेळ ठरवण्यात आमचा बराच काळ गेला, आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. कॅम्पस शहराबाहेर, पुणे महामार्गावर. कुणी बार्शीहून येतं, कुणी पंढरपूरहून, कुणी अक्कलकोटहून, आणि बहुतेकांचा जीव परतीच्या एसटीत अडकलेला. संध्याकाळी पाचची बैठक ठेवली की हॉस्टेलची मुलं तेवढी उरतात आणि रोज ये-जा करणाऱ्या मुली हळूहळू मंडळातून गळतात. आम्ही जेवणाच्या सुट्टीआधीचा तास धरला. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा तोच तास सकाळी लवकर घेतला. वेळ कुणाला सोयीची आहे, यावर मंडळ कुणाचं होणार ते ठरतं.

बैठकीत एकानं बोलायचं, पण झालेलं काम दाखवायला नव्हे, अडलेलं काम मांडायला. ग्राफ का बिघडला, एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी केलेल्या स्फटिकरचनेच्या तपासणीत, नको ती शिखरं का दिसतात, असं. या बैठकीला गाईडना बोलवू नका. सर समोर असले की कुणी “मला हे कळलं नाही” म्हणत नाही. बोलणं मराठीत चालू द्या, स्लाइड इंग्रजीत असली तरी. ज्याच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलतात त्यालाही मराठीत प्रश्न विचारणं इंग्रजीपेक्षा सोपं जातं, हे मी सोलापुरात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शिक्षकांना बोलवायचं ते रंगीत तालमीला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांनुसार संशोधकाला दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावी लागते. त्याआधी मंडळात एकदा सादरीकरण झालं, तर निम्मे अवघड प्रश्न आधीच ऐकून झालेले असतात. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला जाणाऱ्यांसाठीही हीच तालीम.

दुसरं काम कागदपत्रांचं, आणि ते मी बैठकीइतकंच मोलाचं मानते. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) चे महिना 37,000 आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) चे 42,000 रुपये हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण यूजीसीच्या फेलोशिपसाठी दर महिन्याला विद्यापीठाकडून पोर्टलवर कन्फर्मेशन जावं लागतं, आणि दोन वर्षांनी जेआरएफचं एसआरएफ करताना मूल्यमापन समितीचा अहवाल लागतो, हे नव्या मुलाला कोण सांगणार? सारथी, बार्टी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांचे फॉर्म आणि हमीपत्रं आणखी वेगळी. ज्याचं काम नुकतंच झालंय त्यानं आपल्या कागदांची यादी मंडळाच्या फाइलमध्ये लावायची, हा आमचा नियम होता. फेलोशिप थकली की घरभाडं आणि मेस दोन्ही थकतात. गावाकडून पैसे मागवायची सोय नसलेल्या मुलाला त्या फाइलचा किती आधार असतो, ते मी जवळून पाहिलंय.

एमएस्सीच्या मुलांना जोडून घ्यायचं तर नेट या पात्रता परीक्षेचा अभ्यासगट काढा. सीएसआयआर-नेटचा भाग ‘अ’ पाचही विषयांना सारखाच असतो: 20 पैकी 15 प्रश्न, 30 गुण, चुकीला पाव हिश्श्याची वजावट. त्यामुळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्राची मुलं एकत्र बसू शकतात. दुसऱ्या विभागाशी ओळख व्हायला यापेक्षा सरळ निमित्त मला सापडलं नाही.

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन मात्र मनापासून करा. शाळेची मुलं येतात. पाण्यात थोडं दूध टाकून टॉर्च लावला की बाजूने निळसर आणि समोरून तांबूस प्रकाश दिसतो. हा प्रयोग मुलांना फार आवडतो. फक्त त्याला ‘रामन परिणाम’ म्हणून खपवू नका. तिथे प्रकाश विखुरतो, निळा जास्त आणि तांबडा कमी, पण त्याची तरंगलांबी तीच राहते. रामन यांनी 1928 मध्ये जाहीर केलं ते विखुरताना तरंगलांबी बदलण्याबद्दल होतं. प्रयोगासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला आदल्या दिवशी एवढं समजावून सांगा. सातवीतली मुलगी “मग रंग का बदलला, ताई?” असं विचारते, तेव्हा उत्तर आलं पाहिजे.

पैशांबद्दल थोडक्यात: वर्गणी कमी ठेवा, सक्तीची करू नका, हिशेब फलकावर लावा.

आणि जबाबदारी सोपवणं. एमएस्सीची मुलं दोन वर्षांत जातात, पीएचडीचा विद्यार्थी थीसिस लिहायला बसला की त्याला दुसरं काही सुचत नाही. म्हणून सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसचा सारांश देण्याच्या, आधीच मंडळ पुढच्याकडे द्या. कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम) संपवलेल्या दोघांना घ्या, शक्यतो वेगवेगळ्या प्रयोगशाळांमधले, त्यातली एक मुलगी असेल असं बघा. एक सत्र ते तुमच्यासोबत काम करतील, पुढच्या सत्रात तुम्ही त्यांच्यासोबत बसा, पण मागच्या रांगेत. हॉलचं पत्र, कागदपत्रांची फाइल, हिशेबाची वही आणि विज्ञान दिनाला येणाऱ्या शाळांचे पत्ते, एवढं सगळं विभागप्रमुखांसमोर त्यांच्या हाती द्या.