ऑर्लँडोची पहिली वारी: पुण्यातून पंधरा दिवस, दोन रिसॉर्ट, सात पार्क

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला, म्हणजे डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या थीम पार्कांच्या गावाला, जायचं म्हटलं की सगळेजण दिवस मोजायला बसतात. मोजायच्या असतात त्या सकाळच्या वेळा. पार्क उघडल्यावर पहिल्या दोन तासांत ज्या चार-पाच मोठ्या राइड होतात, त्याच दुपारी बारानंतर करायला गेलं तर संध्याकाळ होते. म्हणून तारखा, हॉटेल, पार्कांचा क्रम, सगळं ठरवताना एकच बघायचं: आपल्या वाट्याला ताज्या पायांच्या सकाळी किती येतात.

आधी जागेचा अंदाज घ्या. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे १९७१ साली सुरू झालेलं, शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं प्रकरण आहे. त्यात चार पार्क: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाऊ, ही कल्पना सोडून द्या. गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर युनिव्हर्सल हा दुसरा रिसॉर्ट. तिथे युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर शेजारी शेजारी आहेत, व्होल्कॅनो बे हा वॉटर पार्कही तिथेच. मे २०२५ मध्ये उघडलेला एपिक युनिव्हर्स मात्र काही किलोमीटर लांब, वेगळ्या आवारात आहे. ‘युनिव्हर्सलमध्ये राहतोय म्हणजे सगळं दाराशी’ असं समजणारे इथेच फसतात.

तारखा

पुण्याच्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा, म्हणजे एप्रिलअखेर ते मेचा तिसरा आठवडा, तिथे नेमकी मधली खिंड असते. ईस्टरची गर्दी ओसरलेली असते (२०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे) आणि मेच्या शेवटच्या सोमवारी येणारी मेमोरियल डेची अमेरिकन सुट्टी अजून लांब असते. ऊन असतं, पण पुण्याच्या एप्रिलला सरावलेल्याला त्याचं फार वाटू नये. दमटपणा मात्र मुंबईसारखा. जूनपासून जवळजवळ रोज दुपारी गडगडाटी पाऊस आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम.

दिवाळीची सुट्टी हा दुसरा पर्याय. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीज उरकून निघता येतं. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचा आठवडा सुरू व्हायच्या आत परत फिरा, त्यासाठी पंधरातले काही दिवस कापावे लागले तरी. तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो आणि त्या आठवड्यात रांगा बघवत नाहीत. नोव्हेंबरमध्ये मॅजिक किंगडममध्ये काही रात्री ख्रिसमस पार्टी असते. तिचं तिकीट वेगळं, आणि ते नसेल तर संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. त्या दिवशी आतषबाजी बघायचा बेत आखू नका. फक्त राइड करायच्या असतील तर हेच दिवस बरे, कारण आतषबाजीवाली मंडळी दुसऱ्या दिवसाकडे वळलेली असतात.

व्हिसा आधी, बाकी सगळं नंतर

डीएस-१६० फॉर्म घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. फी भरून बोटांच्या ठशांची आणि मुलाखतीची अशा दोन वेळा घ्याव्या लागतात. पुणेकरांना मुलाखतीसाठी सोयीचं म्हणजे मुंबईत बीकेसीमधलं अमेरिकन वाणिज्य दूतावासाचं कार्यालय. तारखा कधी काही आठवड्यांत मिळतात, कधी अनेक महिने मिळत नाहीत. म्हणून निदान दहा-बारा महिने आधी सुरुवात करा आणि पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही कुठे गुंतवू नका. एजंट ‘आत्ता बुक करा, स्वस्त पडेल’ म्हणतो ते त्याच्या सोयीचं असतं.

व्हिसा लांबलाच तर त्याच सुट्टीत अबू धाबीचं यास बेट उरकता येतं. फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि सीवर्ल्ड ही तिन्ही जवळपास पूर्ण छताखाली, वातानुकूलित. मे महिन्यात आखातात जायचं तर हाच एक शहाणपणाचा मार्ग.

राहायचं कुठे

पंधरा दिवस एकाच हॉटेलात काढू नका. पहिले सात-आठ दिवस डिस्नेच्या हद्दीत, पुढचे युनिव्हर्सलच्या.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज प्रत्येक पार्कात अर्धा तास आधी सोडतात. हा अर्धा तास म्हणजे एक-दोन मोठ्या राइड. सर्वांत स्वस्त गटातल्यांपैकी पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन ही दोन हॉटेलं स्कायलायनर या रोपवेवर आहेत. त्याने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला बसची वाट न बघता जाता येतं. ऑल-स्टार हॉटेलं आणखी स्वस्त, पण तिथून फक्त बस. आजी-आजोबा धरून सहा-सात माणसं असतील तर शेजारच्या किसिमी गावातलं स्वयंपाकघरासकट भाड्याचं घर हिशेबात बरं पडतं. मग गाडी घ्यावी लागते, पार्किंगचे पैसे रोज भरावे लागतात आणि तो सकाळचा अर्धा तास जातो. स्वस्त घर घेऊन रोज दहाला पार्कात पोचणार असाल, तर वाचलेले पैसे रांगेत उभं राहून फेडावे लागतील.

युनिव्हर्सलची एक खुबी लक्षात ठेवा. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन महागड्या हॉटेलांच्या भाड्यात जुन्या दोन पार्कांचा अनलिमिटेड एक्स्प्रेस पास, म्हणजे लांब रांग टाळून जाण्याचा पास, येतो, खोलीतल्या प्रत्येकाला. तो चेक-इनच्या आणि चेक-आउटच्या अशा दोन्ही दिवशी पूर्ण चालतो. म्हणजे रात्र एक, पास दोन दिवसांचा. सकाळी लवकर जाऊन नोंदणी करायची, बॅगा ठेवायच्या, खोली मिळायची वाट न बघता पार्कात शिरायचं. बाकीच्या रात्री एंडलेस समरसारख्या स्वस्त हॉटेलात काढा. एपिक युनिव्हर्सला हा पास चालत नाही.

तिकिटं आणि घड्याळ

डिस्नेचं तिकीट तारखेनुसार बदलतं आणि जितके दिवस जास्त तितका रोजचा दर उतरतो. पाच दिवसांचं तिकीट आठ दिवसांच्या आत वापरता येतं, त्यामुळे मध्ये विश्रांतीचा दिवस बसतो. इंटरनेटवर दिसणारी स्वस्त चौदा दिवसांची तिकिटं ब्रिटनमधल्या रहिवाशांसाठी असतात, त्या वाटेला जाऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. युनिव्हर्सलमध्ये हॉगवर्ट्स एक्स्प्रेस या हॅरी पॉटरच्या आगगाडीत बसायचं असेल तर एका दिवसात दोन्ही पार्क चालणारं तिकीटच हवं, कारण ती गाडी एका पार्कातून दुसऱ्यात जाते. साधं तिकीट घेतलेल्यांना स्टेशनवरून परत पाठवतात.

रांग टाळण्यासाठी डिस्नेत पैसे देऊन लाइटनिंग लेन घ्यावी लागते. मल्टी पासमध्ये आधी तीन राइडच्या वेळा धरता येतात, त्यातली पहिली वापरली की पुढची एक. सर्वांत मागणीच्या राइड, उदाहरणार्थ ॲनिमल किंगडमची फ्लाइट ऑफ पॅसेज, यात नसतात. त्यांचा सिंगल पास वेगळा. डिस्नेच्या हॉटेलातल्यांना चेक-इनच्या सात दिवस आधी पूर्ण मुक्कामाचं बुकिंग करता येतं, बाहेरच्यांना प्रत्येक पार्काच्या तीन दिवस आधी. दोन्ही बुकिंग तिथल्या सकाळी सातला उघडतात. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार असतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेपाच. कार्ड, डिस्नेच्या ॲपचा पासवर्ड आणि घरच्यांची नावं आदल्या दिवशीच ॲपमध्ये जोडून ठेवा. साडेचारला ओटीपीची वाट बघत बसलात तर हव्या त्या वेळा गेलेल्या असतात. बसून जेवायच्या जागांचं बुकिंग साठ दिवस आधी खुलं होतं.

चारही पार्कांत रोज मल्टी पास घ्यायची गरज नाही. मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला घ्या. ॲनिमल किंगडमला पहाटे पोचलात तर त्यावाचून भागतं.

क्रम

इथे जेट लॅग कामाला येतो. उन्हाळ्यात ऑर्लँडो पुण्याच्या साडेनऊ तास मागे असतं, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस पहाटे तीन-चारला डोळे टक्क उघडतात आणि संध्याकाळी सहाला मान पडते. त्याच्याशी झगडू नका. लवकर उघडून लवकर मिटणारा पार्क आधी घ्या, रात्रीच्या आतषबाजीचा सर्वांत शेवटी.

दिवस १: मुक्काम, किराणा, पोहण्याचा तलाव. पार्क नाही.
दिवस २: ॲनिमल किंगडम. दुपारी दोनपर्यंत संपतो.
दिवस ३: हॉलिवूड स्टुडिओज.
दिवस ४: सुट्टी. ही गाळू नका.
दिवस ५: मॅजिक किंगडम, फक्त राइड.
दिवस ६: एपकॉट. देशोदेशींचा वर्ल्ड शोकेस भाग साधारण अकराला उघडतो, तोवर पुढच्या भागातल्या राइड उरका.
दिवस ७: दुपारनंतर पुन्हा मॅजिक किंगडम, आतषबाजीपर्यंत.
दिवस ८ आणि ९: युनिव्हर्सलचे जुने दोन पार्क, वर सांगितलेल्या एका रात्रीच्या हिशेबाने.
दिवस १०: व्होल्कॅनो बे किंवा नुसती झोप.
दिवस ११: एपिक युनिव्हर्स.
दिवस १२: केनेडी स्पेस सेंटर, गाडीने साधारण तासभर. मुलं लहान असतील तर त्याऐवजी विंटर हेवनचं लेगोलँड.
दिवस १३: मोकळा ठेवा.
दिवस १४ आणि १५: खरेदी, परतीचा प्रवास.

तेरावा दिवस मोकळा का, तर विजा. जवळपास वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबतात आणि कधी दोन-दोन तास सुरू होत नाहीत. एपिक युनिव्हर्समध्ये उघड्यावरचं बरंच आहे. तो दिवस पावसात गेला तर राखीव दिवस लागतो. डिस्ने आणि युनिव्हर्सल, दोन्हींची तिकिटं घेताना तारखा किती मागे-पुढे करता येतात, ते बघूनच पैसे भरा.

रोज दुपारी एक ते चार खोलीवर जाऊन आडवं व्हायचं. याच वेळेत दुकान बंद ठेवणाऱ्या शहरातल्या माणसाला हे वेगळं पटवून द्यायला लागू नये. तरी ‘एवढे पैसे भरलेत’ म्हणून लोक उन्हात उभे राहतात, मुलं पाचला रडायला लागतात आणि संध्याकाळ वाया जाते.

उंची, गुडघे, पाय

मुलांची उंची पुण्यातच मोजा. दारात पट्टी लावतात आणि तिथे विनवण्या चालत नाहीत. राइज ऑफ द रेझिस्टन्सला १०२ सेंटीमीटर, फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२, ट्रॉन आणि हॅग्रिडच्या मोटरबाइकला १२२, व्हेलॉसीकोस्टरला १३० लागतात. एकच मूल बुटकं ठरलं तर रायडर स्विच मागा: एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिला पुन्हा रांग न लावता जातो. युनिव्हर्सलमध्ये याला चाइल्ड स्वॅप म्हणतात. व्हेलॉसीकोस्टरला खिशात नाणंही चालत नाही, मेटल डिटेक्टर असतो. सगळं लॉकरमध्ये ठेवा.

रोजचं चालणं दहा ते पंधरा किलोमीटर होतं. नवे बूट निदान दीड महिना आधी घ्या आणि त्याच बुटांनी वेताळ टेकडी किंवा तळजाईला जात राहा. आजीला पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा दम लागत असेल तर व्हीलचेअर भाड्याने घ्यायची हे इथेच ठरवून टाका, तिथे संकोच नको. बहुतेक रांगांतून खुर्ची जाते.

एक रंगीत तालीमही करता येते. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला एक पूर्ण दिवस काढा. कोणाला कोस्टर झेपतो, कोणाला अंधाराची भीती वाटते, कोण दुपारी कुरकुरतं, हे सगळं कळतं. त्यावरून ऑर्लँडोच्या यादीतल्या निम्म्या राइड खोडल्या गेल्या तरी हरकत नाही, तेवढ्यांच्या लाइटनिंग लेनचे पैसे वाचतात.

खाणं आणि खर्च

डिस्नेच्या पार्कांत घरचं खाणं नेता येतं, काचेची भांडी आणि दारू सोडून. झटपट मिळणाऱ्या खाण्याच्या काउंटरवर थंड पाण्याचा पेला फुकट देतात, मागावा लागतो. विकतची बाटली कशाला घ्यायची? युनिव्हर्सलमध्ये सुका खाऊ आणि पाणी चालतं, गरम करायचे डबे नाहीत. भाकरवडी, चिवडा, मेतकूट, भाजलेले पोहे बिनधास्त न्या. फळं, भाज्या, बिया, मांस नेऊ नका, दुधाची मिठाईही टाळा आणि जे नेलंय ते विमानतळावर विचारण्याआधीच सांगा. लपवलेल्या आंब्याला दंड होतो. घरचा इलेक्ट्रिक कुकर बॅगेत घालू नका. तिथे वीज १२० व्होल्टची. आपला कुकर त्यावर जेमतेम पाव ताकदीने तापतो आणि भात भिजत पडतो. एक दिवस भारतीय चव हवीच असेल तर ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्यांचं ताट मिळतं.

पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. ऑर्लँडो ज्यात येतं त्या ऑरेंज काउंटीत (जिल्ह्यात) खरेदीवर साडेसहा टक्के, हॉटेलच्या भाड्यावर साडेबारा. बाहेरची बरीच हॉटेलं वर रोजची ‘रिसॉर्ट फी’ लावतात. बसून जेवलात तर १८ ते २० टक्के टिप. क्रेडिट कार्डवर परकी चलनाचा अधिभार किती ते बँकेला विचारा आणि फॉरेक्स कार्डाशी तुलना करा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, घेतात. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो, पण निघायच्या आधी तेवढी रक्कम हाताशी लागते. प्रवास विमा अमेरिका धरूनच घ्या, आणि ज्येष्ठांच्या जुन्या आजारांचा उल्लेख लपवू नका, दावा नेमका त्यावरच अडतो.

जाणं-येणं

भारतातून ऑर्लँडोला थेट विमान नाही. मुंबईहून दुबईमार्गे गेलात तर एकच बदल, आणि इमिग्रेशन थेट ऑर्लँडोत. न्यूयॉर्कमार्गे गेलात तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा घ्या, पुन्हा टाका. मध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. पुण्याहून मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी दुपारी निघा. शुक्रवारी संध्याकाळी घाटात अडकलेल्यांसाठी विमान थांबत नाही. परतीला मुंबईत उतरल्यावर स्वतः गाडी चालवत यायचा हट्ट नको. तेव्हा शरीर साडेनऊ तास उलटं फिरलेलं असतं, कॅब आधीच सांगून ठेवा.