जुन्या बाइकला दुसऱ्या मॉडेलचं मागचं चाक, शॉक, ब्रेक बसवताय? या चुका टाळा

चाक चिमट्यात (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये) बसलं, एक्सल आरपार गेला, नट टाईट झाला, हाताने फिरवलं तर छान फिरतंय, म्हणजे झालं काम असं समजून जे लगेच गाडी बाहेर काढतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मीही एकदा असंच केलं होतं आणि ते थोडक्यात निभावलं. जुन्या गाड्यांचे ओरिजिनल पार्ट मिळत नाहीत, मिळाले तर झिजलेले मिळतात, त्यामुळे एका मॉडेलचं दुसऱ्याला लावण्यात चुकीचं काही नाही. यामाहाच्या १९७३ च्या आरडी ३५० ला मागे ड्रम होता, १९७६ च्या आरडी ४०० ला डिस्क आली, होंडा सीबी ७५० चंही तसंच, १९६९ ला मागे ड्रम आणि १९७५ च्या सुपर स्पोर्टला डिस्क, त्यामुळे "एकाच घराण्यातली गाडी आहे, बसणारच" असं वाटणं साहजिक आहे. बसतंही. पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. कंपनीने ड्रमची डिस्क केली तेव्हा नुसतं चाक नाही बदललं, कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) धरणारा अँकर, पेडलची जोडणी, मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाची) जागा हे सगळं त्याच्याबरोबर बदललं. आपण मात्र त्यातलं फक्त चाक उचलतो.

अँकरची पट्टी: इथे अजिबात जुगाड नको

सगळ्यात आधी हेच, कारण जिवावर बेतणारी चूक हीच आहे. ब्रेक प्लेटला (ड्रमचं झाकण, ज्यावर आत ब्रेक शू बसतात) चिमट्याशी धरून ठेवणारी जी पट्टी किंवा रॉड असतो, काहीजण टॉर्क रॉड म्हणतात, तो सुटला किंवा वाकला की ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरायला लागते.

माझ्याकडे जे ड्रमचं चाक आलं त्याच्या प्लेटवरचं अँकरचं भोक एक्सलच्या वर येत होतं, माझ्या मूळ चाकात ते खाली होतं. मी मूळचीच चपटी पट्टी थोडी वाकवून वर लावली, बोल्ट नीट आवळले, काही दिवस गाडी मस्त चालली. मग एकदा पुढची गाडी अचानक थांबली, मी जोरात ब्रेक मारला, खटकन आवाज आला, पेडलने पायाला उलटा झटका दिला आणि मागचं चाक जाम. उतरून बघतो तर पट्टी मधोमध धनुष्यासारखी वाकलेली, प्लेट पुढच्या दिशेने फिरलेली, तिच्यावरची कॅमची दांडी (रॉडने ओढली की आतले शू पसरवते ती) मागे गेलेली आणि ब्रेकचा रॉड ताणून बसलेला. म्हणजे प्लेट जितकी फिरली तितका ब्रेक आपोआप अजून लागत गेला.

कारण साधं आहे. ब्रेक लागला की प्लेट चाकाच्याच दिशेने फिरू बघते. अँकर एक्सलच्या खाली असेल आणि पट्टी पुढे चिमट्याला जात असेल तर तिच्यावर ओढ येते, आणि ओढ चपटी पट्टीही सहज सहन करते. तोच अँकर वर गेला की पट्टीवर ओढ नाही, दाब येतो, आणि दाबात पातळ पट्टी वाकते. किती दाब? टायरवर ६० किलोचा ब्रेक लागतोय असं धरा, चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर, अँकरचा बोल्ट एक्सलपासून १० सेंटीमीटरवर, तर त्या बोल्टवर साधारण १८० किलो येतात. त्यामुळे वर लावायचा असेल तर जाड गोल रॉड किंवा पाइप वापरा, दोन्ही टोकांना पूर्ण जाडीचे बोल्ट, आणि नटाला स्प्लिट पिन किंवा नायलॉक. चिमट्यावर अँकरचा कान वेल्ड करावा लागत असेल तर ज्याला स्ट्रक्चरल वेल्डिंग येतं त्याच्याकडूनच करून घ्या, गेट-खिडक्या करणाऱ्याचं हे काम नाही. चिमट्याच्या एका बाजूने नुसता टाका मारून दिला तर तो कान तिथूनच तडकतो.

स्पेसर आणि बेअरिंग

दुसरी चूक, म्हणजे जवळपास सगळेच करतात ती. एक्सल जाड-बारीक निघाला की बाहेरून वायसर भरतात नाहीतर एक्सलवर पातळ बुश चढवतात. थांबा, आधी बेअरिंगचा नंबर वाचा. ६३०३ बेअरिंगचं माप १७ × ४७ × १४ मिलिमीटर आणि ६२०४ चं २० × ४७ × १४, म्हणजे बाहेरचा व्यास आणि जाडी तीच, फक्त आतलं भोक मोठं. हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) ६३०३ असेल आणि तुमचा एक्सल २० चा असेल तर ६२०४ टाकलं की हबला हात न लावता काम होतं. लेथवर हब बोअर करायला धावायच्या आधी बेअरिंगचा तक्ता बघायची सवय लावून घ्या, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

पण दोन बेअरिंगच्या मधे जी नळी असते, तिला विसरू नका. ती नळी आतल्या दोन रेसमधलं (बेअरिंगच्या आतल्या कड्यांमधलं) अंतर राखते. ती आखूड असेल किंवा काढताना पडून हरवली असेल तर एक्सलचा नट आवळताना आतल्या रेस एकमेकांकडे ओढल्या जातात, बेअरिंगवर बाजूने लोड येतो आणि ते लवकर घरघरायला लागतं. ओळखायची खूण सांगतो: नट सैल असताना चाक मोकळं फिरतं आणि टाईट केलं की जड होतं, तर नळीच चुकीची आहे. बेअरिंग बदलून काही होणार नाही, नवीनही तसंच जाणार.

बाहेरचे स्पेसर (हब आणि चिमटा यांच्यातल्या नळ्या) करताना रिमचा मध्य फ्रेमच्या मध्यावर आणायचा आणि त्याच वेळी मागचं स्प्रॉकेट पुढच्याच्या रेषेत आणायचं, या दोन गोष्टी एकट्या स्पेसरने बहुतेक जुळत नाहीत. चेनलाइन आधी जुळवा, मग रिम एका बाजूला राहिली तर स्पोक ओढून मध्यावर आणा. आणि चेनचं बोलायचं तर ५२० आणि ५३० नंबरच्या चेनची पिच (दोन पिनांमधलं अंतर) एकच, १५.८७५ मिलिमीटर, फक्त रुंदी वेगळी, त्यामुळे ५२० चं स्प्रॉकेट ५३० च्या चेनमध्ये फिरतं खरं पण बाजूला हलत राहतं आणि दोन्ही खातं. ४२८ ची पिचच १२.७, तिचा संबंधच नाही.

शॉक: लांबी मोजली म्हणजे सगळं मोजलं असं नाही

शॉक बदलताना लोक फक्त दोन डोळ्यांमधलं (टोकांच्या भोकांमधलं) अंतर मोजतात. ते मोजायचंच, पण एक इंच लांब शॉक टाकला की मागचा भाग निदान तेवढा वर जातो, शॉक एक्सलच्या पुढे बसत असेल तर थोडा जास्तच, आणि १४०० मिलिमीटरच्या आसपास व्हीलबेस (दोन चाकांच्या एक्सलमधलं अंतर) असलेल्या गाडीत हेड अँगल (हँडलच्या दांड्याचा तिरपेपणा) साधारण एक डिग्रीने उभा होतो. ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला टेकते तिथून पुढचा टायर जितका मागे टेकतो ते अंतर) कमी होतो, हँडल हलकं लागतं, स्पीडला गाडी अस्वस्थ होते. साइड स्टँडवर ती जास्त झुकते आणि चेन चिमट्याच्या पिव्हटजवळ (चिमटा फ्रेमला जिथे फिरतो तिथे) घासायला लागते. आखूड टाकला तर उलटं सगळं, शिवाय खड्ड्यात टायर मडगार्डला लागतो.

दुसरं, वरचं माउंटिंग पुढे सरकवून शॉक तिरपे करायची फार हौस असते. दिसतं छान, पण गणित बघा. चिमट्याला काटकोनात असलेला शॉक ३० डिग्री तिरपा केला तर चाकाला जाणवणारी स्प्रिंगची ताकद ७५ टक्के राहते, ४५ डिग्रीला निम्मी. म्हणजे जुने स्प्रिंग तसेच ठेवून फक्त अँगल बदलला तर गाडी बसल्या बसल्या खाली बसणार, मग लोक प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची सेटिंग) शेवटच्या खाचेपर्यंत नेतात आणि म्हणतात शॉक खराब निघाला. शॉक चांगलाच होता, स्प्रिंग त्या अँगलची नव्हती. चालक बसल्यावर मागचा भाग एकूण ट्रॅव्हलच्या (चाकाच्या वर-खाली हालचालीच्या) पाव ते एक तृतीयांश खाली यावा, हे टेपने मोजायचं, अंदाजाने नाही.

जुने ट्विन-ट्यूब डॅम्पर (शॉकमधला एकात एक दोन नळ्यांचा, ऑइलने उसळी मारणं थांबवणारा भाग) उलटे बसवू नका, व्हॉल्व्हमध्ये हवा जाते आणि डॅम्पिंग संपतं. आडवे पडून असलेले शॉक बसवायच्या आधी उभे धरून सात-आठ वेळा पूर्ण दाबून सोडा, हवा वर निघून जाते. चिमट्याच्या पिव्हटला मेटल-रबरचे सायलेंट बुश असतील तर पिव्हटचा नट गाडी चाकांवर उभी असताना फायनल टाईट करा. चिमटा लोंबकळत असताना टाईट केला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं.

आणि हे एक काम प्रत्येक अदलाबदलीनंतर कराच: शॉक काढून ठेवा, गाडी स्टँडवर, आणि चाकासकट चिमटा हाताने पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत उचलून बघा. चेन सगळ्यात ताणली जाते ती पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आले की, तर चेनचा ढिलेपणा तिथे मोजा. टायर, ब्रेकचा रॉड, होज (ब्रेक ऑइलचा पाइप), अँकर काही कुठे लागतंय का ते बघा. मुख्य म्हणजे उचलताना चाक फिरवत राहा. वर उचलल्यावर ब्रेक घासायला लागला तर पेडलच्या रॉडचा पॉइंट चिमट्याच्या पिव्हटपासून लांब पडलाय, आणि माणूस बसला की ब्रेक आपोआप लागणार आहे.

ड्रममध्ये काय चुकतं

कॅमची दांडी आणि रॉड यांच्यात ब्रेक पूर्ण लागताना ९० डिग्री हवेत. दुसऱ्या गाडीची प्लेट आली की हा अँगल हमखास बिघडतो आणि ब्रेक लाकडासारखा लागतो. दांडी एका दाताने मागे-पुढे करून जुळवा, पण कॅम खूप वळलेला असेल तर शूज झिजलेत, तिथे दांडी फिरवून फसवू नका. नवीन शू ड्रमला पूर्ण टेकतो का तेही बघा: ड्रमच्या आत खडूने रेघा मारा, ब्रेक लावून फिरवा, खडू शूच्या फक्त मधे लागला तर शू ड्रमच्या गोलाईला घासून घ्यावा लागेल. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे हवेचा पाइप मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सुकं घासायचंही नाही.

कोणाला पुढच्या चाकाची ट्विन लीडिंग प्लेट (जिच्यात फिरणारा ड्रम दोन्ही शू स्वतःकडे ओढून घेतो) मागे लावायची असेल तर फिरण्याची दिशा बघा. ड्रम दुसऱ्या बाजूला गेला तर दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणजे ड्रम त्यांना उलट दूर ढकलतो आणि ब्रेक जवळपास नाहीसा होतो. आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांना ब्रेक डाव्या पायाला होता हे जपानी चाक घेताना लोक विसरतात, मग रॉड आडवा कसा न्यायचा हा प्रश्न चाक बसल्यावर पडतो.

डिस्क करताय तर

मास्टर सिलिंडर जो मिळेल तो लावू नका. १२.७ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या जागी १४ मिलिमीटरचा लावला तर तेवढ्याच पायाच्या जोराला प्रेशर सुमारे १८ टक्के कमी मिळतं, पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. बॅन्जो बोल्टच्या (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) आट्यांकडे नीट बघा, मिलिमीटरमध्ये व्यास × पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असं धरलं तर जपानी बहुतेक १० × १.२५, युरोपियन बरेच १० × १.०, आणि जुन्या ब्रिटिश कॅलिपरला ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचा. हा तिसरा आणि दुसरा दिसायला सारखेच, पिच १.०५८ आणि १.०, त्यामुळे एक-दोन आटे सुखाने जातात आणि मग अडतात. अडलं की पाना लावू नका, काढा. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ५ सिलिकॉन असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही. बिडाच्या डिस्कला सिंटर्ड (धातूची पूड दाबून-तापवून केलेले) पॅड नको, डिस्क खातात.

डिस्क थंड असताना ठीक आणि थोडं चालल्यावर जाम होत असेल तर आधी पेडलच्या पुशरॉडला एक-दोन मिलिमीटर प्ले आहे का बघा. प्ले नसेल तर मास्टरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं, तापलेल्या ऑइलला परत जायला जागा नसते. प्ले असूनही जाम होत असेल तर जाम असतानाच कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. चाक सुटलं नाही तर पिस्टन अडकलाय किंवा कॅलिपर तिरका बसलाय. सुटलं तर प्रेशर कुठेतरी अडकतंय, मग पुढच्या वेळी जाम झाल्यावर निपलऐवजी मास्टरजवळचा बॅन्जो सैल करून बघा, तिथे सुटलं तर मास्टर, तिथे नाही आणि फक्त निपलला सुटलं तर होज आतून फुगलाय. सैल करताना चष्मा घाला आणि ऑइल पेंटवर पडू देऊ नका.

पहिली चक्कर मोकळ्या जागेत, हळू, फक्त मागचा ब्रेक वापरून. परत आल्यावर दोन्ही बाजूंच्या हबला हात लावा, ब्रेक मारल्याच्या मानाने फारच गरम लागला तर काहीतरी घासतंय. मग अँकरचे दोन्ही नट, एक्सलचा नट आणि शॉकचे चारही बोल्ट पाना लावून बघा, त्यावर पेंटची एक रेघ ओढा, आणि ५० किलोमीटरनंतर ती रेघ सरकली का ते बघा. सरकली असेल तर नुसतं परत आवळून सोडू नका, त्या जागी काय हलतंय ते उघडून शोधा.