क्लिप उघडत नाही? आधी फाइलच्या पोटात काय आहे ते बघा

गणपती विसर्जन झालं की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मंडळांच्या एखाद्या उत्साही कार्यकर्त्याकडे पेनड्राइव्ह जमू लागतात. आरती आयफोनवर, मिरवणूक सोनीच्या कॅमेऱ्यावर, मुलांचे कार्यक्रम कुणाच्या तरी जुन्या हँडीकॅमवर आणि उरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. नवरात्रात गरब्याचीही तीच गत. टाइमलाइनवर टाकल्यावर एक क्लिप काळी दिसते, दुसरीला आवाज नसतो आणि तिसरीत टिपरू ढोलावर पडायच्या आत ठोका ऐकू येतो. लोक लगेच नेटवरून कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतींचा (कोडेकचा) गठ्ठा, उतरवतात. ते करू नका. प्रीमियर, रिझॉल्व्हसारखी एडिटिंगची सॉफ्टवेअर मुख्यतः स्वतःचेच डिकोडर, म्हणजे कोडेक उलगडणारे भाग, वापरतात. पॅकचा त्यांना उपयोग जवळपास शून्य, आणि विंडोजमधल्या चालत्या गोष्टी बिघडतात ते वेगळंच.

एमपीफोर, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे. आत कोणता कोडेक आहे, एच.२६४ (म्हणजेच एव्हीसी), एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५), एव्ही१ की प्रोरेस, हे झाकणावरून कळत नाही. म्हणून फाइलचं एक्स्टेन्शन बदलून काही साधत नाही. ‘व्हीएलसीत तर चालतंय!’ हा पुरावाही अर्धाच: व्हीएलसीकडे स्वतःचे डिकोडर असतात, त्यामुळे फाइल शाबूत आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं.

निदान

मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, अडलेली क्लिप त्यात ओढा आणि व्ह्यू मेनूतून टेक्स्ट निवडा. भली मोठी यादी दिसेल, पण वाचायच्या ओळी मोजक्याच. व्हिडिओखाली फॉरमॅट (कोडेक), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई, ८ किंवा १० बिट), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाचा किती तपशील ठेवलाय, ४:२:० कमी, ४:२:२ जास्त), फ्रेम रेट मोड (फ्रेमांचा वेग स्थिर की बदलता) आणि असली तर एचडीआर फॉरमॅट. ऑडिओखाली फॉरमॅट आणि सॅम्पलिंग रेट. ‘एव्हीसी, ८ बिट, ४:२:०, कॉन्स्टंट’ असं दिसलं, तर कोडेक सहसा निर्दोष असतो. अशा वेळी प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधून मीडिया कॅश रिकामी करा आणि क्लिप नेटवर्क ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवरून न उघडता आपल्या डिस्कवर कॉपी करून उघडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मीडियाइन्फोला व्हिडिओची ओळच दिसत नसेल, तर मामला कोडेकचा नाही, फाइल अर्धवट आहे. शूटिंग चालू असताना बॅटरी गेली की एमपीफोरची अनुक्रमणिका, जिला मूव्ह अ‍ॅटम म्हणतात, लिहायचीच राहते. कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घालून बघा, बरेच कॅमेरे स्वतःच दुरुस्ती सुचवतात. तोवर त्या कार्डावर नवं काही शूट करू नका.

आयफोन आणि एचईव्हीसी

२०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन एचईव्हीसीत रेकॉर्ड करू शकतो, आणि आता बहुतेक फोनांत तोच पर्याय चालू असतो. जुन्या लॅपटॉपवर हे जड जातं. इंटेलच्या प्रोसेसरात ८ बिट एचईव्हीसीची हार्डवेअर सोय सहाव्या पिढीपासून आणि १० बिटची सातव्यापासून आली. त्याआधीच्या मशीनवर सगळा भार सीपीयूवर पडतो आणि प्लेबॅक अडखळतो. मशीन नवं असूनही काळा पडदा येत असेल, तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. तरीही नाही जमलं, तर प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया विभागातलं हार्डवेअर डिकोडिंग बंद करून प्रोग्राम पुन्हा सुरू करा. चित्र दिसलं तर दोष ड्रायव्हरचा.

विंडोजवर केबलने कॉपी करताना मध्येच ‘डिव्हाइस इज नॉट फंक्शनिंग’ असा एरर येत असेल, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजखाली सर्वांत शेवटी मॅक किंवा पीसीकडे पाठवण्याचा पर्याय आहे. तो ऑटोमॅटिकवरून कीप ओरिजिनल्सवर ठेवा. ऑटोमॅटिकमध्ये फोन जाता जाता फाइल रूपांतरित करत असतो आणि त्यातच दम टाकतो.

पुढच्या वर्षीसाठी शूटिंग करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल. मग एच.२६४ मिळेल, मात्र फोर-के ६० फ्रेमवर पाणी सोडावं लागेल, कारण ते हाय एफिशियन्सीतच मिळतं. गरब्यासाठी १०८० पी ६० पुरेसं आहे. चेहरे पांढरेफटक दिसत असतील तर तोही कोडेकचा दोष नव्हे. आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-छटांचा व्हिडिओ, रेकॉर्ड करतात आणि तुमची टाइमलाइन रेक.७०९, म्हणजे साध्या व्हिडिओच्या रंगांची, असते. सिक्वेन्स सेटिंग्जमध्ये ऑटो टोन मॅप चालू करा.

आवाज पुढे-मागे

हा खरा छळवाद. फोन अंधारात किंवा गरम झाल्यावर फ्रेमांचा वेग आपसूक कमी-जास्त करतो, आणि मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ असं येतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक सेकंदाला ठरावीक फ्रेम धरून चालतं. ओळखायची खूण सोपी आहे: सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि दहाव्या मिनिटाला फारकत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर कारण दुसरं, ऑडिओ नुसता सरकवला की काम झालं.

उपाय हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. क्लिप उघडा आणि डिफॉल्ट प्रीसेटवर विसंबू नका, कारण तो फोर-केला गुपचूप १०८० पी करतो आणि कडाही कापतो. डायमेन्शन्समध्ये रिझोल्यूशनची मर्यादा काढा आणि क्रॉपिंग नन ठेवा. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४), फ्रेम रेट ३० आणि त्याखाली कॉन्स्टंट. क्वालिटी आरएफ १६ ते १८ ठेवा. आकडा जितका लहान, तितकी फाइल मोठी आणि चित्र चांगलं. मीडियाइन्फोने सरासरी ५९ किंवा ६० च्या आसपास दाखवली असेल तर ३० ऐवजी ६० निवडा. सोनीचा कॅमेरा २५ वर होता म्हणून फोनची क्लिप इथेच २५ करायचा मोह टाळा. ते काम टाइमलाइनवर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला करू द्या, दोनदा फ्रेम गाळल्या की टाळ्यांची लय तुटते. क्लिप १० बिट एचडीआर असेल तर हा रस्ता नको, एक्स२६४ ती ८ बिट करून टाकेल.

शॉटकट हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एवढं करावं लागत नाही. व्हेरिएबल क्लिप टाकली की तेच ‘एडिट-फ्रेंडली’ रूपांतराबद्दल विचारतं. मधला पर्याय निवडा.

सोनी, १० बिट आणि ४:२:२

मिरवणुकीच्या क्लिपा सर्वांत देखण्या आणि सर्वांत हट्टी. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी. दोन्हींत १० बिट ४:२:२ निवडता येतं. हे ४:२:२ एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेपूर्वीची ग्राफिक्स कार्डं हार्डवेअरने उलगडतच नाहीत. चाळीस हजारांचं कार्ड असूनही प्लेबॅक रडतो तो याचमुळे. एचईव्हीसीच्या ४:२:२ साठी इंटेलची अकराव्या पिढीपासूनची अंगभूत ग्राफिक्स कामाला येते, तेव्हा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) ती चालू आहे ना ते बघा. दीड-दोन हजार वाचवायला ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेतला असेल तर त्यात ती ग्राफिक्स नसतेच. एडिटिंगचं मशीन जुळवताना ही काटकसर महागात पडते.

दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवर १० बिट ४:२:२ एच.२६४ ला साधारणपणे लाल ‘मीडिया ऑफलाइन’ दाखवते. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही घेत नाही आणि एएसी ऑडिओ तर पैसे भरूनही तिथे चालत नाही.

अशा क्लिपांसाठी शटर एन्कोडर घ्या, तेही फुकट आहे. फंक्शनमध्ये प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर निवडा, हे एडिटिंगला सोपे पण आकाराने मोठे कोडेक. १० बिट टिकवायचं असेल तर डीएनएक्सएचआरमध्ये एचक्यूएक्स, कारण साधं एचक्यू ८ बिट आहे. डिस्कचा हिशेब मात्र आधी करा. प्रोरेस ४२२ ला १०८० पी २५ फ्रेमवर सेकंदाला १२२ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. फोर-के यूएचडीला तेच २२० जीबीवर जातं. सगळं फुटेज असं फुगवत बसू नका. क्लिप उघडत असेल आणि नुसती अडखळत असेल, तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, पुरे: प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरूनच होतो.

एमकेव्ही, हँडीकॅम आणि व्हॉट्सअ‍ॅप

ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केलेली एमकेव्ही उघडत नसेल तर पुन्हा एन्कोड करू नका, नुसता डबा बदला. ओबीएसच्या फाइल मेनूत रिमक्स रेकॉर्डिंग्ज आहे, शटर एन्कोडरमध्ये रीरॅप. तासाची फाइल काही सेकंदांत होते आणि गुणवत्ता कणभरही घटत नाही.

हँडीकॅमच्या कार्डावरून फक्त एमटीएस फाइली उचलू नका, पूर्ण फोल्डर कॉपी करा. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा तुकडे पाडतो. ते प्रीमियरच्या मीडिया ब्राउझरमधून आणले की सलग जुळतात, सुटे टाकले तर सांध्यावर आवाज तुटतो, आणि तो नेमका आरतीच्या मध्येच तुटतो.

व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट ओपस या ऑडिओ कोडेकमध्ये असते, तिची ४८ किलोहर्ट्झ वेव्ह (डब्ल्यूएव्ही) फाइल करून घ्या. व्हिडिओ दाबून आला असेल तर गेलेला तपशील कोणतंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. पाठवणाऱ्याला तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा.

मंडपातल्या एलईडी पडद्यासाठी एक्स्पोर्ट करताना एमपीफोर, एच.२६४, ८ बिट ४:२:०, १०८० पी, एएसी ४८ किलोहर्ट्झ ठेवा, बिटरेट १५ ते २० मेगाबिट. ऑपरेटरचा पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. २० मेगाबिटला पंचवीस मिनिटांतच ती हद्द जवळ येते, तेव्हा लांब कार्यक्रमाचे दोन भाग करा आणि आदल्या संध्याकाळी त्याच्याच प्लेअरवर दोन्ही चालवून बघा.