पानं भरायचा नाद सोडा: टेक्निकल रिपोर्ट आणि ऑफिसचे मेल लिहिताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फाटकाबाहेरची झेरॉक्सची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. काळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, चार प्रती. आत काय लिहिलंय ते रांगेतल्या बऱ्याच पोरांनी एकदाही सलग वाचलेलं नसतं. टेक्निकल आणि बिझनेस रायटिंग हा विषय मी शिकवते. त्याआधी भोसरी एमआयडीसीत नोकरीला होते, तेव्हा असेच रिपोर्ट माझ्या टेबलावर यायचे. दोन्ही बाजूंनी बघितलंय, चुका त्याच त्या. पहिल्या तासाचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅम, किती पानं हवीत?" दुसरा: "फॉरमॅट देता का?" हे वाचणार कोण आणि वाचून करणार काय, असं विचारणारा विद्यार्थी अजून भेटायचाय.

उत्तर शेवटच्या पानावर दडवणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल.

फायनल इयरच्या एका गटाला छोट्या कारखान्यात स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट मिळालं. मालकांचं गाऱ्हाणं सरळ होतं. लाइनच्या टोकाच्या मशीनपर्यंत हवेचं प्रेशर पुरत नाही, तर मोठा कॉम्प्रेसर घ्यावा का? पोरांनी काम चोख केलं. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद, कॉम्प्रेसर तेवढा चालू, आणि हे स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसलेले. हवा कुणी वापरत नाही, तरी कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने लोड घेतोय, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागतोय. लोडवरचा वेळ भागिले लोड-अनलोडचा एकूण वेळ, गुणिले शंभर: गळतीची टक्केवारी काढायची ही जुनी, खात्रीची रीत. आकडा एक तृतीयांशाच्या आसपास आला. मग साबणाचं पाणी लावून त्यांनी गळकी कपलिंग शोधली, खडूने खुणा केल्या. उत्तर हातात होतं: नवा कॉम्प्रेसर नको, आधी गळती बंद करा.

आणि मग रिपोर्ट लिहिला. पहिल्या प्रकरणात कॉम्प्रेस्ड हवेचा इतिहास. दुसऱ्यात कॉम्प्रेसरचे प्रकार, रेसिप्रोकेटिंग आणि स्क्रू, आकृत्यांसह. ज्या माणसाने उभं आयुष्य कॉम्प्रेसरच्या आवाजात काढलं त्याच्यासाठी! तिसऱ्यात कंपनीची माहिती, जी मालकांनीच त्यांना दिली होती. आणि कन्क्लुजनच्या पाचव्या बुलेटला एक ओळ: लीकेजचं प्रमाणही लक्षणीय आढळलं. बस्स. मालकांनी सुरुवातीची काही पानं चाळली, रिपोर्ट कपाटात ठेवला आणि मोठ्या कॉम्प्रेसरची ऑर्डर देऊन टाकली. पुढे ओरलला ते पाहुणे म्हणून आले, तेव्हा पोरांच्या तोंडून गळतीचं ऐकलं.

"अरे, मग हे सांगायचं ना मला!"

"सर, रिपोर्टमध्ये लिहिलंय."

"कुठे?"

पोरगं पानं उलटत राहिलं. त्यालाही पटकन सापडेना.

यात आळस नव्हता, सवय होती. दहावीपर्यंत आपण काय लिहितो? पक्ष, साध्य, सिद्धता. दिलेली माहिती, सूत्र, आकडेमोड, आणि तळाशी चौकटीत उत्तर. स्टेप्सना मार्क असतात. पेपर तपासणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, तुम्हाला येतं की नाही एवढंच त्याला बघायचं असतं. कारखान्याच्या मालकाला मात्र उत्तर माहीत नसतं, म्हणून तर त्याने तुम्हाला बोलावलं. त्याला परीक्षकासारखं वागवलंत की तो कॉम्प्रेसर विकत घेणारच.

मोठमोठ्या इंजिनिअरांच्या हातूनही हेच होतं. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया यान उडालं, तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनिअरांनी नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइड ठेवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. खरी गोष्ट अगदी तळाशी, बुलेटच्या पोटातल्या बुलेटमध्ये: ज्या तुकड्यावर चाचण्या झाल्या होत्या तो ३ घन इंचांचा, आणि आदळला तो सुमारे १९२० घन इंचांचा. ६४० पट! १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने या स्लाइडची वेगळी दखल घेतली. हे वाचून वरिष्ठाला जिवावरचा धोका कळला नसेल तर नवल नाही, असा त्याचा सूर होता. ती स्लाइड मी दरवर्षी वर्गात दाखवते. पाच मिनिटं देते आणि विचारते, यात भीती वाटावी असं काय आहे? ६४० पटीपर्यंत फार थोडे पोचतात.

माझा उपाय पुस्तकी नाही. पहिलं पान सगळ्यात शेवटी लिहायचं, आणि त्यावर चारच गोष्टी: प्रश्न काय होता, उत्तर काय, ते कशावरून, आणि आता कुणी काय करायचं. मग ते एकच पान कॅन्टीनमध्ये दुसऱ्या ब्रँचच्या मित्राला द्यायचं. त्याने वाचून "म्हणजे कॉम्प्रेसर घ्यायचा नाही ना?" असं म्हटलं तर पान झालं. "छान लिहिलंयस" म्हणाला तर परत लिहा.

"पण मॅम, युनिव्हर्सिटीच्या फॉरमॅटमध्ये कन्क्लुजन शेवटीच आहे." असू दे की. तिथेही लिहा. पहिल्या पानावरही लिहायला कुणी बंदी केलेली नाही.

सिनियरचा रिपोर्ट 'संदर्भासाठी' घेणं

संदर्भासाठी! हा शब्दप्रयोग ऐकला की मी चष्मा काढून ठेवते.

एका वर्षी सिनियरांचं प्रोजेक्ट मोटरच्या व्हायब्रेशनवर होतं, ज्युनिअरांचं इंजिनच्या. ज्युनिअरांनी वर्डची फाइल उघडली, फाइंड अँड रिप्लेस मारलं, मोटरच्या जागी सगळीकडे इंजिन. अर्ध्या मिनिटात नवा रिपोर्ट तयार. बाहेरून आलेले परीक्षक शांत स्वभावाचे होते. चहा घेत त्यांनी दुसरं प्रकरण उघडलं आणि मोठ्याने वाचलं, की ही समस्या इंजिनसायकलमध्येही आढळते. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "इंजिनसायकल कुठे मिळते हो? मला एक घ्यायचीय." गटातला एकजण हसला, बाकीच्यांना तोवर कळलंच नव्हतं. पुढच्या पानावर 'इंजिनाइज्ड' होतं. त्याच्या पुढच्या पानावर एका मोटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव बदलून भलतंच झालं होतं. प्रयोग खरा होता, रीडिंग त्यांनी स्वतः घेतली होती. पण त्या ओरलमध्ये रीडिंगबद्दल कुणी विचारलंच नाही.

आता फाइंड अँड रिप्लेस जुनं झालं. मजकूर एखाद्या टूलमध्ये टाकतात आणि सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा टक्का, खाली आणून मागतात. त्यातून काय निघतं तेही जगजाहीर आहे. २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या शोधनिबंधांतून असे वेडेवाकडे शब्द वेचून दाखवले. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. यापुढे आमची इंजिनसायकल बरी म्हणायची.

आणि तो '१० टक्के चालतं' हा गैरसमज. यूजीसीचे २०१८ चे नियम प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, एवढंच. दहा टक्के उचलायची सवलत असा त्याचा अर्थ होत नाही. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, चोरी मोजत नाही. दुसऱ्याचा एक तक्ता नाव न देता घेतलात तर सिमिलॅरिटी दोनच टक्के दाखवेल, आणि तरी ती चोरीच.

मी काय करायला लावते: सिनियरचा रिपोर्ट वाचा, मिटा, परत द्या. मग कोऱ्या फाइलमध्ये लिहायला बसा. त्याची फाइल तुमच्या लॅपटॉपवर असताना तुम्ही ती उघडणार नाही, यावर माझा विश्वास नाही.

जड इंग्रजीचं शेवाळ

मराठी माध्यमातून आलेली पोरं इथे जास्त अडकतात, आणि उगाच अडकतात. तोच मुलगा वर्कशॉपमध्ये मला म्हणतो, "मॅम, बेअरिंग गरम होतं कारण ग्रीस पोचतच नाही." अकरावीतल्या पोराला कळेल असं स्वच्छ वाक्य! रिपोर्टमध्ये त्याचं चार ओळींचं बाड होतं. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ह्ड दॅट'ने सुरू होतं, मध्ये 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' येतं, आणि ग्रीस कुठेतरी वाटेत सांडतं. जड लिहिलं की हुशार दिसतो, हे यांना कुणी शिकवलं कोण जाणे. इंग्रजी माध्यमवालेही यात मागे नाहीत, त्यांची वाक्यं फक्त जास्त आत्मविश्वासाने लांब असतात.

फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि प्रोजेक्ट मराठीत, घरातल्या काकांना सांगावं तसं बोला. मग ते ऐकत एकेक गोष्ट एकेका छोट्या इंग्रजी वाक्यात उतरवा. व्याकरण नंतर दुरुस्त करता येतं. कर्मणी प्रयोगाला माझा विरोध नाही, पद्धत सांगताना तो चालतो. पण शिफारस करताना कर्ता लागतो. 'व्हॉल्व्ह बदलला जावा' असं लिहिलं की तो वर्षभर कुणीच बदलत नाही.

एका ओळीत आटपणाऱ्या

अ‍ॅबस्ट्रॅक्ट, इंट्रोडक्शन आणि कन्क्लुजनमध्ये तोच परिच्छेद तीनदा. परीक्षक म्हातारे असले तरी विसराळू नसतात.

किलोवॉटचा के लहान, डब्ल्यू मोठा. केल्व्हिनला डिग्रीचं चिन्ह नाही. लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा, त्यात चुकलात तर मिलिवॉटचा मेगावॉट होतो, अब्जपट.

आकृतीला क्रमांक आहे, पण मजकुरात तिचा उल्लेखच नाही. मग ती आहे कशाला?

स्क्रीनशॉटमध्ये वर 'बॅटरी ११ टक्के' आणि मित्राचा मेसेज दिसतोय. कापा.

अनुक्रमणिका हाताने टाइप करू नका. वर्डला ती स्वतः करता येते, हेडिंगला हेडिंगची स्टाइल दिली तर. ठिपके मारत बसलेला इंजिनिअर बघवत नाही.

आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या पद्धतीत संदर्भांचे क्रमांक मजकुरात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने लागतात, ए टू झेड नव्हे. आणि जो संदर्भ मजकुरात कुठेच आला नाही तो यादीत शोभेला ठेवू नका.

'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच', 'फायनल सरांनी बघितलेली'. फाइलला तारीख द्या आणि मोकळे व्हा.

मेल

मेलला पोरं कमी लेखतात, कारण त्याला मार्क कमी. नोकरीत मात्र रिपोर्ट क्वचित, मेल रोज.

चाकणच्या कंपनीला इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी लिहिलेला एक नमुना. विषयाच्या जागी 'रिक्वेस्ट'. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम', मधल्या तिरक्या रेघेसकट. मग कॉलेजची स्थापना, कॉलेजचं रँकिंग, आमच्या विभागाची परंपरा. शेवटच्या ओळीत व्हिजिट, तारीख नाही, संख्या नाही. त्याखाली 'काइंडली डू द नीडफुल'. समोरच्या माणसाने कुठलं नीडफुल करायचं?

विषयातच मागणी येऊ द्या: 'इंडस्ट्रियल व्हिजिट, थर्ड इयर मेकॅनिकल, ४० विद्यार्थी, १२ किंवा १३ फेब्रुवारी'. वाचणाऱ्याने मेल न उघडताही कॅलेंडर बघावं. पहिल्या वाक्यात तेच पूर्ण वाक्यात, मग बरोबर कोण शिक्षक येतील, सेफ्टी शूज तुमचे की त्यांचे, उत्तर कधीपर्यंत हवंय. कॉलेजची थोरवी त्यांना गूगलवर सापडते.

माझी एक सवय उचला: पत्ता सगळ्यात शेवटी टाका. आधी अटॅचमेंट, मग मजकूर, मग विषय, आणि सगळं एकदा वाचून झाल्यावर समोरच्याचा आयडी. अर्धवट मेल चुकून सुटायची भानगडच नाही.

रात्री दोनला मेल टाकून सकाळी नऊला 'जेंटल रिमाइंडर' पाठवणारी जमात वाढत चाललीय. त्यात जेंटल काहीच नसतं. तीन कामाचे दिवस जाऊ द्या. मग त्याच मेलवर रिप्लाय करून एका ओळीत विचारा, म्हणजे आधीचा मजकूर खाली राहतो आणि त्यांना शोधावा लागत नाही. तरी उत्तर नाही आलं तर फोन करा. फोनवर मात्र आधी नाव सांगा, 'सर मेल बघितला का' नंतर.