गॅस न पेटवता डाळ्याचे लाडू, न फुटणारे

पाहुणे दारात आणि सिलिंडर संपलेला, तर हे लाडू पंधरा मिनिटांत होतात. अडचण एकच: वळताना भुगा होतो आणि आपण तूप ओतत बसतो.

१. पंढरपुरी डाळं २ वाट्या आणि साखर पाऊण वाटी मिक्सरला एकत्रच फिरवा. साखरेच्या दाण्यांमुळे डाळं छान बारीक होतं. चाळून घ्या.
२. वेलची आणि चिमूटभर मीठ.
३. पातळ तूप पाव वाटीच घाला. मिश्रण कोरडं दिसेल, दिसू द्या. ते परत मिक्सरमध्ये घालून थांबत थांबत दोन-तीनदा फिरवा. पात्याच्या उबेने तूप सगळीकडे लागतं आणि मूठ वळते. नाहीच वळली तर चमचाभर तूप, जास्त नाही. हे कळायच्या आधी मी दुप्पट तूप घालायचे आणि लाडू डब्यात बसकण मारायचे.

डाळं मऊ लागलं तर आधी तासभर कडक उन्हात पसरा. जांभळी नाक्यावरून आणलेलं ताजं डाळंही ठाण्याच्या पावसाळ्यात दोन दिवसांत सादळतं.

दुधाचा हात लावून मात्र वळू नका. लावलाच तर लाडू फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.